रेणुका धरणाचे २३ क्युमेक: कोणाला, कधी आणि किती?

हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यात, ददाहूजवळ गिरी नदीवर १४८ मीटर उंचीचे रेणुका धरण बांधायचे ठरले आहे. गिरी ही यमुनेची उपनदी. धरणाचा उपयुक्त साठा ४९८ दशलक्ष घनमीटर (पुढे दलघमी), वीज ४० मेगावॅट, आणि जाहीर झालेला मुख्य लाभ म्हणजे दिल्ली व खोऱ्यातल्या इतर राज्यांना सेकंदाला २३ घनमीटर, म्हणजेच २३ क्युमेक पाणी. ११ जानेवारी २०१९ रोजी हिमाचल, उत्तराखंड, उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान आणि दिल्ली यांनी करारावर सह्या केल्या. २७ डिसेंबर २०२१ रोजी पायाभरणी झाली. धरण एका राज्यात, डोंगर बुडणार त्याच राज्यातले, आणि पाणी जवळजवळ सगळे शेजाऱ्यांना.

४९८ दलघमी म्हणजे १७.६ टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या पुण्याच्या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी मावते. म्हणजे पुण्याच्या साखळीच्या साठ टक्के पाणी, आणि करारावर सह्या सहा राज्यांच्या. या प्रमाणामुळेच २३ हा आकडा नीट उलगडून पाहावा लागतो.

आधी एकके

उत्तरेतल्या पाणीवाटपात एकाच पाण्याला पाच नावांनी मोजतात. जुन्या करारांत दशलक्ष एकर-फूट, केंद्राच्या कागदांत अब्ज घनमीटर, कालव्यावर क्युसेक, धरणाच्या अहवालात क्युमेक आणि दिल्लीत एमजीडी, म्हणजे रोजचे दशलक्ष गॅलन. लक्षात ठेवायचे एवढेच: १ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक, आणि दिवसभर वाहिलेला १ क्युमेक म्हणजे ८६.४ दशलक्ष लिटर किंवा १९ एमजीडी. रेणुकाचे २३ क्युमेक दिवसाला १,९८७ दशलक्ष लिटर होतात, दिल्लीच्या भाषेत ४३७ एमजीडी. कोणी 'क्युमेक'ऐवजी 'क्युसेक' छापले, तर हेच पाणी दिवसाला ५६ दशलक्ष लिटरवर येते, म्हणजे महानगराऐवजी एखाद्या मध्यम शहराची गरज. बातमी वाचताना पहिली तपासणी इथेच करावी.

खोऱ्याची आधीची वाटणी

धरणाच्या पाण्याची वाटणी कोऱ्या पाटीवर होत नाही. यमुनेच्या वरच्या खोऱ्याचे, म्हणजे दिल्लीच्या ओखला बॅरेजपर्यंतचे (बॅरेज म्हणजे पाणी कालव्यात वळवणारा दरवाजांचा बंधारा), पाणी १२ मे १९९४ च्या सामंजस्य करारात वाटून झाले आहे. सरासरी वर्षात १३ अब्ज घनमीटर पाणी येते असे धरले. त्यातून पुराचे न अडवता येणारे ०.६८ आणि नदीत सोडून द्यायचे ०.३३७ वजा केले. उरलेले ११.९८३ अब्ज घनमीटर असे वाटले (प्रत्येक ओळीत क्रमाने जुलै ते ऑक्टोबर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मार्च ते जून, आणि वर्षाची बेरीज):

हरियाणा: ४.१०७, ०.६८६, ०.९३७ = ५.७३०
उत्तर प्रदेश: ३.२१६, ०.३४३, ०.४७३ = ४.०३२
राजस्थान: ०.९६३, ०.०७०, ०.०८६ = १.११९
दिल्ली: ०.५८०, ०.०६८, ०.०७६ = ०.७२४
हिमाचल: ०.१९०, ०.१०८, ०.०८० = ०.३७८

(उत्तराखंड तेव्हा झालेले नव्हते, त्याचा वाटा उत्तर प्रदेशाच्या आकड्यात आहे.)

उभ्या बेरजा करून पाहा. ११.९८३ पैकी ९.०५६ अब्ज घनमीटर पावसाळ्याच्या चार महिन्यांतले आहे. उरलेल्या आठ महिन्यांना मिळून २.९२७. दिल्लीच्या वाट्याला मार्च ते जून या चार महिन्यांत फक्त ०.०७६, म्हणजे सरासरी ७.२ क्युमेक. वाटा कागदावर आहे, पण तो अशा महिन्यांत आहे की जेव्हा कोणालाच त्याची टंचाई नसते. धरणाचे काम या तक्त्यातले पाणी पहिल्या रकान्यातून दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात नेणे. बेरीज वाढत नाही.

राजस्थानचे उदाहरण यातले सर्वांत बोलके. त्याच्या १.११९ पैकी ०.९६३ पावसाळी. त्यातले हरियाणातल्या हथनीकुंड बॅरेजवरून घ्यायचे पाणी चुरू, झुंझुनू भागात न्यायला वाहिनीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरियाणा आणि राजस्थान यांनी जमिनीखालच्या पाइपलाइनचा प्रकल्प अहवाल करायचे ठरवले: जुलै ते ऑक्टोबर, ५७७ दलघमीपर्यंत. करारापासून तीस वर्षे हक्क होता, पाणी नव्हते. धरणाचे पाणी मोजणाऱ्याने हा मुद्दा नजरेआड करू नये. साठवणीइतकीच वाहिनीही लागते.

२३ क्युमेक कुठून आले, तोंडी हिशेब

प्रकल्प अहवाल हातात नसतानाही जाहीर आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाहता येते. १ नोव्हेंबरला धरण भरलेले आहे असे धरू. ३० जूनपर्यंत २४२ दिवस. दिवसाला २३ क्युमेक म्हणजे १.९८७ दलघमी. २४२ ने गुणले की ४८१ दलघमी. उपयुक्त साठा ४९८. बाष्पीभवनाला थोडे सोडले की मेळ बसला.

याचा अर्थ असा की २३ हा बाराही महिन्यांचा आकडा असू शकत नाही. वर्षभर २३ क्युमेक साठ्यातून सोडायचे तर ७२५ दलघमी लागतात, आणि साठा तेवढा नाही. हा कोरड्या आठ महिन्यांचा आकडा आहे, तोही धरण काठोकाठ भरले आणि जूनअखेर तळाला नेले तर.

दुसरा ताळा. सरकारी निवेदनात गिरीचा प्रवाह सुमारे ११० टक्क्यांनी वाढेल असे म्हटले होते. २३ ही ११० टक्के वाढ असेल तर मूळचा प्रवाह सुमारे २१ क्युमेक निघतो, म्हणजे आठ महिन्यांत ४३७ दलघमी. ही सरासरी झाली. मार्चमध्ये जास्त, मे महिन्यात बरीच कमी. पण पुढच्या हिशेबाला हा आकडा पुरतो.

धरणासह आणि धरणाविना

सर्वांत मोठी गफलत इथे होते. कोरड्या काळात धरणातून एकूण किती पाणी खाली जाईल? साठ्यातले ४९८, वरून येणारे ४३७, वजा बाष्पीभवन. बुडित क्षेत्र एकूण सुमारे १,५०८ हेक्टर आहे. पातळी उतरत जाते म्हणून सरासरी पाणपृष्ठ १,००० हेक्टर आणि आठ महिन्यांत मीटरभर बाष्पीभवन धरले तर १० दलघमी. उरले ९२५ दलघमी, म्हणजे ४४ क्युमेक. पण यातले ४३७ दलघमी धरण नसतानाही यमुनेत पोहोचत होते आणि खालचे कालवे ते आजही उचलत आहेत. धरणाची भर ४८८ दलघमी, म्हणजे २३.३ क्युमेक.

४४ हा आकडा 'धरणातून मिळणारे पाणी' म्हणून सांगितला तर तो खोटा ठरत नाही, पण शेजारच्या राज्याला काहीच सांगत नाही. तिथल्या अभियंत्याला दोन तक्ते शेजारी हवेत: त्याच चाळीस वर्षांचा येवा, म्हणजे धरणाच्या जागी नदीतून येणारे पाणी, एकदा धरणाविना आणि एकदा धरणासह. दोन्हींतला फरक, दर दहा दिवसांनी.

पावसाळ्यातला फरक उणे असतो, हेही त्यात दिसते. धरण भरताना जुलैचे पाणी अडते. चांगल्या वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण खाली पूर वाहत असतो. पाऊस लांबलेल्या वर्षी मात्र हरियाणाच्या पश्चिम यमुना कालव्यावर भाताच्या लावणीला पाणी हवे असते नेमके तेव्हाच. म्हणून खालचे चालू वापर भागल्यावर जे उरेल त्यातूनच धरण भरायचे, हा नियम सिम्युलेशनमध्ये, म्हणजे जुन्या वर्षांच्या येव्यावर धरण चालवून पाहण्याच्या हिशेबात, आधीपासून घालावा लागतो. तो न घालता धरण दरवर्षी भरते असे दाखवणे अगदी सोपे आहे.

येव्याची मालिका: सगळी इमारत हिच्यावर

धरणाच्या जागी पंचवीस-तीस वर्षांचा तरी दहा-दहा दिवसांचा येवा हवा, चाळीस वर्षांचा असेल तर उत्तम. तो मिळतो सरिता मापन केंद्रावरून. तिथे रोज पाण्याची पातळी वाचतात, अधूनमधून प्रवाहमापकाने वेग मोजतात, नदीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारे पाणी, काढतात. पातळी आणि विसर्ग यांचा आलेख एकदा बसला की रोजच्या पातळीवरून विसर्ग वाचता येतो.

हिमालयाच्या नद्यांत हा आलेख टिकत नाही. पात्र गोट्यांचे. एक मोठा पूर आला की तळ उकरला जातो किंवा भरतो, आणि तीच पातळी पुढच्या वर्षी वेगळा विसर्ग दाखवते. शिवाय ऐन पुरात यंत्र पाण्यात घालता येत नाही. तेव्हा तरंगत्या वस्तूचा वेग मोजून त्याला ०.८५ च्या आसपासच्या गुणकाने कमी करतात, किंवा आलेखाची रेषा अंदाजाने पुढे ओढतात. परिणामी जे पाणी साठवायचे आहे, ते पावसाळी पाणीच सर्वांत कच्चे मोजलेले असते.

तपासण्याच्या दोन-तीन पद्धती आहेत. शेजारच्या केंद्रांच्या एकत्रित बेरजेशी आपल्या केंद्राची चढती बेरीज मांडली तर सरळ रेषा यायला हवी. मध्येच कोन पडला तर त्या वर्षी मोजपट्टी हलली, केंद्र सरकले किंवा वर कोणी पाणी उचलू लागले. वार्षिक पाऊस आणि वार्षिक येवा यांचे प्रमाणही पाहावे. पावसापेक्षा येवा जास्त आला तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. गिरीवर खालच्या अंगाला जटोन बॅरेज आहे, जिथून बोगद्याने पाणी ६० मेगावॅटच्या गिरी वीजकेंद्राकडे वळते. अशा ठिकाणी टर्बाइनमधून गेलेले आणि दरवाजांतून सोडलेले पाणी मिळवले की येव्याचा स्वतंत्र ताळा मिळतो.

मोजलेला येवा म्हणजे नदीचे मूळ पाणी नव्हे. वरच्या गावांच्या कुहलींनी, म्हणजे डोंगरउतारावरच्या पाटांनी, आणि पाणीयोजनांनी उचललेले त्यात परत मिळवायचे, आणि मग पुढच्या तीस-चाळीस वर्षांत वर जे वापर वाढणार ते वजा करायचे. पहिली बेरीज सगळे करतात. दुसरी वजाबाकी बहुधा राहते, कारण ती केली की लाभ कमी दिसतो.

भरवसा किती टक्के?

'७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी' हा शब्दप्रयोग कृष्णा लवादामुळे मराठी वाचकाला नवा नाही. काढायची रीत सोपी: वर्षांचे येवे मोठ्यापासून लहानाकडे लावा. ३९ वर्षे असतील तर तिसावे वर्ष (३० भागिले ४०) हे ७५ टक्क्यांचे. म्हणजे चारांपैकी तीन वर्षे तरी एवढे पाणी येईल.

टक्का बदलला की नदी न बदलता पाणी बदलते. कृष्णेसाठी बच्छावत लवादाने ७५ टक्क्यांवर २,०६० टीएमसी धरले आणि त्यातले ५६० महाराष्ट्राला दिले. ब्रिजेशकुमार लवादाने नवी मालिका घेऊन ६५ टक्क्यांवर २,२९३ आणि सरासरी २,५७८ टीएमसी काढले. यमुनेचीही तीच गत. १९९४ च्या करारात ७५ टक्क्यांचे पाणी ११.७० अब्ज घनमीटर नोंदलेले आहे आणि वाटणी मात्र ११.९८३ ची झाली आहे. वाटलेले पाणी भरवशाच्या पाण्याहून जास्त आहे; तूट कधीतरी येणारच हे त्यात गृहीत आहे. तूट आली तर काय, तेही कराराने सांगितले: कमी पाण्याच्या वर्षी दिल्लीच्या पिण्याच्या पाण्याची गरज आधी, उरलेले बाकीच्यांत वाट्यांच्या प्रमाणात. जास्त आले तर जास्तीचेही प्रमाणात.

सिंचनाला ७५ टक्के, विजेला ९० टक्के आणि पिण्याला जवळजवळ १०० टक्के भरवसा धरायची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे एकाच धरणाला तीन वेगळी उत्तरे असतात. समजा एका वाईट पावसाळ्यात रेणुकात ४९८ ऐवजी ४०० दलघमीच साठले. धरणाची भर २३ वरून १८.७ क्युमेकवर येईल. पण त्या वर्षी गिरीचा स्वतःचा कोरडा प्रवाहही २१ राहणार नाही, १६ होईल असे धरू. खालच्या माणसाला ४४ ऐवजी ३५ च्या आत मिळेल. शेतीला हे चालते, पेरा कमी करता येतो. शहराला पेरा कमी करता येत नाही. पिण्यासाठी २३ सांगायचे असतील तर ते मालिकेतल्या सर्वांत वाईट वर्षांतही टिकतात हे दाखवावे लागेल.

एक खाचही आहे. वार्षिक येव्यावरून निवडलेले '७५ टक्क्यांचे वर्ष' घेऊन तेवढे एकच वर्ष तपासणे पुरत नाही. त्या वर्षी ऑगस्ट भरपूर आणि हिवाळा कोरडा असू शकतो. दुसऱ्या एखाद्या वर्षी बेरीज तीच, पण मार्चमध्ये पाऊस झालेला. आणि लागोपाठ दोन वाईट वर्षे आली तर? रेणुका जून संपताना रिकामे व्हायचे धरण आहे, पुढच्या वर्षासाठी शिल्लक ठेवण्याइतके ते मोठे नाही. म्हणून सगळी मालिका सलग चालवायची, एकेक वर्ष सुटे नाही.

साठ्याचा तक्ता, आणि गाळ

मालिका पक्की झाली की उरलेला हिशेब बँकेच्या पासबुकासारखा आहे. आधीची शिल्लक, अधिक येवा, वजा बाष्पीभवन, वजा सोडलेले पाणी. उरले ते पुढच्या दशकाची सुरुवातीची शिल्लक. (पाटबंधारे खात्यात दशक म्हणजे दहा दिवस.) शिल्लक पूर्ण संचय पातळीच्या वर गेली तर जास्तीचे सांडव्यावरून, किमान पातळीच्या खाली जाऊ लागली तर पुरवठ्यात कपात. प्रत्येक कपात नोंदवायची: किती दशके, किती खोल. भरवशाचा खरा आकडा या नोंदीतून निघतो.

बाष्पीभवनासाठी पातळी, क्षेत्रफळ आणि साठा यांचा आलेख लागतो. उघड्या भांड्यातले पाणी किती आटते त्या मोजणीला ०.७ च्या आसपासच्या गुणकाने कमी करून त्या दशकाच्या सरासरी पाणपृष्ठाने गुणतात. अरुंद दरीत हे नुकसान कमी असते. मराठवाड्यातल्या पसरट जलाशयांच्या सवयीने पाहिले तर रेणुकाचे १० दलघमी नगण्यच, पण तेही अर्धा क्युमेक भरते.

गाळाचे तसे नाही. सर्वसाधारण समज असा की गाळ धरणाच्या पायथ्याशी, मृत साठ्यात बसतो आणि उपयुक्त साठा शाबूत राहतो. प्रत्यक्षात नदी जलाशयात शिरते तिथेच वेग मोडतो, आणि गोटे, रेती, जाड वाळू जलाशयाच्या वरच्या तोंडाशी, म्हणजे उपयुक्त साठ्यातच पडते. बारीक माती तेवढी भिंतीपर्यंत येते. उदाहरण म्हणून धरा: पाणलोट २,००० चौरस किलोमीटर, दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला १,००० घनमीटर गाळ. वर्षाला २ दलघमी, पन्नास वर्षांत १००. त्यातला ४० टक्के उपयुक्त साठ्यात पडला तर ४९८ चे ४५८ उरतील आणि भर २१.४ क्युमेकवर येईल. शिवालिक आणि त्यावरचे डोंगर ठिसूळ. रस्तेकामाचा राडारोडा नदीत ढकलला जात असेल तर दर वाढतो. म्हणून अहवालात आजचा, पंचवीस वर्षांनंतरचा आणि पन्नास वर्षांनंतरचा असे तीन तक्ते मागावेत.

वाट्याचा टक्का कोणता लावायचा?

आता २३ क्युमेक वाटू. वार्षिक वाट्यांवरून टक्के काढले तर हरियाणा ४७.८२, उत्तर प्रदेश-उत्तराखंड ३३.६५, राजस्थान ९.३४, दिल्ली ६.०४, हिमाचल ३.१५. त्याप्रमाणे हरियाणाला ११ क्युमेक, उत्तर प्रदेश-उत्तराखंडाला ७.७, राजस्थानला २.१५, दिल्लीला १.३९, हिमाचलला ०.७. दिल्लीचे १.३९ म्हणजे दिवसाला १२० दशलक्ष लिटर. आणि सगळे २३ दिल्लीलाच दिले तर १,९८७. जलविज्ञान तेच, धरण तेच. उत्तरात सोळापट फरक.

पाणी कोरड्या महिन्यांत सोडायचे म्हणून कोरड्या महिन्यांचे टक्के लावावेत असे कोणी म्हणाले तर? त्या आठ महिन्यांच्या २.९२७ पैकी राजस्थानचे ०.१५६ आहे, ५.३ टक्के. मग राजस्थानला २.१५ ऐवजी १.२३ क्युमेक. उलट, साठवलेले पाणी मुळात पावसाळ्याचे आहे म्हणून पावसाळी टक्का लावला तर राजस्थानचे प्रमाण १०.६ टक्के होते आणि पाणी २.४५. दुप्पट. १९९४ च्या कराराने यावर तोडगा लिहून ठेवला आहे: वरच्या खोऱ्यात साठवण धरणे होईपर्यंत ही हंगामी वाटणी तात्पुरती, आणि धरणे होत जातील तसतशी तिची जागा वार्षिक वाटणी घेईल. 'होत जातील तसतशी' म्हणजे एक धरण झाल्यावर नक्की किती, हे मात्र प्रत्येक धरणाच्या स्वतंत्र करारात ठरते. कोणत्याही राज्याच्या अधिकाऱ्याने अहवालात सर्वांत आधी शोधावे ते हे कलम. पाण्याचे तक्ते त्यानंतर.

पायथ्यापासून नळापर्यंत

ठरलेले वापर असे आहेत: उत्तर प्रदेश, हरियाणा आणि दिल्ली हथनीकुंड बॅरेजवरून घेणार, दिल्ली आपल्या वझिराबाद बॅरेजवरूनही, आणि ओखल्यावरून उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थान. हथनीकुंडाला पाणी तीन वाटांनी फुटते: पश्चिम यमुना कालवा हरियाणाकडे आणि पुढे दिल्लीकडे, पूर्व यमुना कालवा उत्तर प्रदेशाकडे, आणि नदीत सोडायचे ते खाली.

नदीत सोडायच्या पाण्याचा आकडा महत्त्वाचा. १९९४ च्या करारात किमान १० क्युमेक आहे. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने कोरड्या काळासाठी हथनीकुंडाखाली २३ क्युमेक सुचवले. म्हणजे आणखी १३. नदीचा हा हक्क रेणुकाच्या भरीतून भागवायचा ठरला तर कालव्यांना वाटायला १० क्युमेक उरतात. नदीत सोडलेले पाणी वाया जात नाही हे खरे. पण भर उन्हाळ्यात हथनीकुंड ते वझिराबाद या रेताड पट्ट्यात ते मुरते, आणि वझिराबादला पोहोचते ते सोडले त्याहून बरेच कमी.

कालव्यातही तेच. हरियाणातल्या मुनकपासून दिल्लीच्या हैदरपूरपर्यंत १०२ किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा झाला, तो जुन्या मातीच्या कालव्यातली गळती टाळायलाच. ढोबळ उदाहरण: गोट्यांच्या पात्रात ५ टक्के आणि कालव्यांत एकूण २० टक्के वहनव्यय, म्हणजे वाटेतला तोटा, धरला तर धरणाच्या पायथ्याचे २३ क्युमेक टोकाला १७.५ होतात. त्यामुळे करारात पाणी कोणत्या ठिकाणी मोजायचे हे लिहिलेले हवे. पायथ्याशी मोजले तर तोटा घेणाऱ्याचा, राज्याच्या सीमेवर मोजले तर देणाऱ्याचा.

विजेमुळे आणखी एक अडचण येते. ४० मेगावॅटचे केंद्र मागणीच्या तासांत चालवले तर फायदा. पण दिवसाची २३ क्युमेकची सरासरी आठ तासांत सोडली तर ६९ क्युमेकचा लोंढा आणि मग सोळा तास जवळजवळ काही नाही. हथनीकुंड हे बॅरेज आहे, साठवण नव्हे. लोंढा कालव्याच्या दरवाजात मावला नाही तर सरळ नदीत जातो. जटोनसारख्या मधल्या बॅरेजमागे हा चढउतार सपाट करता येतो का, हे तासागणिक तपासावे लागते. दहा दिवसांच्या तक्त्यात ही गळती दिसतच नाही.

तीन धरणे, एक नदी

रेणुका एकटे नाही. यमुनेवर लखवाड (उपयुक्त साठा ३३०.६६ दलघमी) आणि टोन्स नदीवर किशाऊ (१,३२४ दलघमी) अशी आणखी दोन धरणे ठरलेली आहेत. तिन्हींची बेरीज २,१५३ दलघमी, आपल्या एकट्या जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याएवढी. पावसाळ्याच्या ९.०५६ अब्ज घनमीटरचा हा चौथा हिस्सासुद्धा नाही.

तिन्ही अहवालांतले लाभ मात्र सरळ बेरजेने मिळवता येत नाहीत. प्रत्येक अहवालात बाकीची दोन नाहीत असे धरलेले असते, आणि हथनीकुंडावरची तीच तूट प्रत्येकाने आपल्या पाण्याने भागवलेली असते. पाऊसही तिन्ही पाणलोटांत एकाच वर्षी कमी पडतो. म्हणून तिन्ही जलाशय एकाच सिम्युलेशनमध्ये, एकाच मालिकेवर चालवायचे, आणि नियम ठरवायचा: आधी कोणते रिकामे करायचे. साधारण तर्क असा की जे पुढच्या पावसाळ्यात भरण्याची खात्री सर्वांत जास्त, ते आधी उतरवावे आणि मोठ्या किशाऊत वाईट वर्षासाठी राखीव ठेवावे. यात विजेचे हितसंबंध आड येतात, कारण पातळी उतरली की वीज घटते, आणि वीजकेंद्र ज्याचे त्याला आपले धरण शेवटी उतरायला हवे असते.

शेवटी ओखला. दिल्लीने पिण्याला घेतलेल्या पाण्यातले बरेचसे सांडपाणी होऊन नजफगढ नाला आणि इतर नाल्यांवाटे वझिराबादच्या खाली यमुनेत परत येते, आणि ओखल्यावरून आग्रा कालव्यात जाते. त्यामुळे दिल्लीला वाढवून दिलेल्या प्रत्येक क्युमेकचा मोठा भाग ओखल्याच्या हिशेबात पुन्हा जमेला दिसतो. तो जमा धरायचा असेल तर किती प्रक्रिया होऊन, हेही त्याच ओळीत लिहावे लागते. आज बहुतेक तक्त्यांत ओखल्याच्या रकान्यात फक्त घनमीटर असतात, पाण्याची प्रत नसते.